तीन नळ्यांचा भोंगा

१

त्या सोमवारी अल-वाहा पॉलिटेक्निकचा भोंगा वाजला नाही आणि निम्मं विद्यापीठ उशिरा जागं झालं.

पन्नास वर्षांत असं घडलं नव्हतं. वाळूची वावटळ असो की क्रांतीच्या दिवसांतली संचारबंदी, कार्यशाळेच्या छपरावरचा तो तीन नळ्यांचा पितळी भोंगा कामाच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ ओरडायचाच. त्याच्या भरवशावर वसतिगृहात कोणी गजर लावत नसे. त्यामुळे त्या सकाळी पोरं शर्टाची बटणं लावत धावत सुटली होती, कँटीनमध्ये लबलाबीचं, म्हणजे हरभऱ्याच्या गरम रश्श्याचं, भलंमोठं पातेलं गिऱ्हाइकांवाचून थंड होत होतं, आणि स्थापत्यवाले छातीठोकपणे सांगत होते की हे यंत्रवाल्यांचंच काम; कालच्या फुटबॉलमध्ये हरल्याचा राग काढलाय.

नझीहा गरबी मात्र वेळेवर आली होती. ती मापनशाळेची प्रमुख. केसाच्या जाडीचे भाग पाडून त्यातला एक मोजायचा, हा तिचा रोजचा उद्योग. मादाम चहात साखरसुद्धा गेज लावून घालतात, असं पोरं तिच्यामागे म्हणत, आणि ते तिला माहीत होतं. तिने पर्स टेबलावर ठेवली तोच संचालक तौफीक बुझीद स्वतः दारात उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"नझीहा, छपरावर चल. भोंगा गेला."

"बिघडला?"

"गेला म्हणतोय. जागेवर नाही."

छपरावर हवेचा पाइप कमरेइतका वर आला होता आणि त्याच्या डोक्यावर काहीच नव्हतं. पाइपाच्या तोंडाशी फक्त पितळेची एक कडी तिरपी अडकून बसली होती. उपसंचालक लसआद महजूब तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बघा. असा ओढून काढलाय की बूड तुटून इथेच राहिलं. रानटीपणा आहे नुसता."

नझीहा वाकली. कडी तिने बराच वेळ निरखली. मग कठड्याजवळ तिला नखाएवढी पितळेची कपची दिसली. ती तिने रुमालात बांधली.

"गुरुवारी पाहुणे येणार," संचालक म्हणाले. "सुवर्णमहोत्सव. त्यात ट्यूनिसहून समिती येणार, कार्यशाळा ठेवायच्या की बंद करायच्या ते ठरवायला. पहिल्या तुकडीच्या पोरांनी युद्धातल्या तोफगोळ्यांची टरफलं वितळवून तो भोंगा केला होता. त्याच्याखाली उभा राहून मी त्यांना सांगणार होतो की इथे मुलं हातांनी शिकतात. आता काय दाखवू? रिकामा पाइप?"

"दोषी सापडलाच आहे म्हणा ना," लसआद म्हणाले. "छपराची किल्ली भांडाराबाहेर एकाच माणसाकडे असते. शुक्री. शेवटच्या वर्षाचा. उन्हावर पाणी तापवायचं यंत्र बसवतोय इथे, म्हणून दिली होती. हाच तो, गेल्या वर्षी स्थापत्यच्या गच्चीवर गाडी चढवणारा. गाढवासकट! त्याच्या खोलीत मोठा पाना सापडलाय, त्यावर पितळेचा कीस आहे. संध्याकाळी पोलिसांना बोलवू आणि पटावरून नाव काढू."

"संध्याकाळपर्यंत नझीहाला बघू दे," संचालक म्हणाले.

शुक्री खाली कचेरीत उभा होता. उंच, किडकिडीत, गुडघ्याला कालच्या सामन्यातलं खरचटलेलं. त्याने खाली मान घातली नाही.

"किल्ली माझ्याकडे होती. मी ती दुसऱ्याला दिली. कोणाला दिली, ते तुम्ही माझी पदवी फाडून टाकलीत तरी सांगणार नाही."

२

नझीहा त्याला घेऊन पुन्हा छपरावर गेली. ऊन चढलं होतं. शुक्रीचं यंत्र एका कोपऱ्यात चकाकत होतं. काळी रंगवलेली नळ्यांची जाळी, वर टाकी, मधे पितळी जोड.

"पाणी तापतं का रे?"

असा प्रश्न त्याला अपेक्षित नव्हता. "तापतं, मादाम. परवा वसतिगृहातल्या पोरांनी आंघोळ केली. एकाला पोळलं."

"म्हणजे चांगलं तापतं." ती जोडांपाशी बसली. "हे जोड कुठले?"

"बाजारातून आणले."

"बाजारातल्या जोडांवर ओतकामाच्या वाळूचे ठसे असतात का?" तिने बोटाने एक जोड चाचपला. त्यावर टाचणीच्या टोकाएवढी बारीक भोकं होती. पितळ ओतताना आत हवा अडकली की अशी भोकं राहतात. नवशिक्याच्या हातून हे हमखास होतं. तिने रुमाल सोडला आणि ती कपची जोडाशेजारी धरली. कपचीच्या तुटलेल्या कडेवर तशीच भोकं होती.

शुक्रीने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"तुला ओतकाम येत नाही. तू ऊर्जा विभागातला. हे जोड तुला कोणीतरी ओतून दिले, आणि बदल्यात तू किल्ली दिलीस. पानाही दिलास. एकदाच दिलास का?"

त्याने जिन्याच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "दोनदा. गेल्या रविवारी आणि काल. मादाम, चोरी नाही झाली. एवढंच सांगतो. पुढचं विचारू नका, मी शब्द दिलाय."

"शब्द पाळ," नझीहा म्हणाली. "फक्त इथून हलू नकोस, आणि लसआदसाहेबांच्या समोर तोंड उघडू नकोस. तुझ्या तोंडात मावत नाही इतका रुबाब आहे तुझा."

शुक्रीला हसू आलं, पण त्याने ते गिळलं.

पाइपाच्या तोंडाशी तिरपी बसलेली कडी तिने तेल सोडून, दम खात, हळूहळू फिरवून काढली. मापनशाळेत नेऊन भिंगाच्या काचेखाली धरली. कडीच्या आतल्या बाजूला बारीक आटे होते, बाहेरच्या बाजूला जाड, रुंद आटे. असे जाड आटे हल्ली कोणी पाडत नाही. ते जुन्या लष्करी पाइपांना असत.

लसआद म्हणाले तसं हे भोंग्याचं तुटलेलं बूड नव्हतंच. ही कडी नवी होती, मुद्दाम बनवलेली. बारीक आट्यांच्या पाइपावर जाड आट्यांची जुनी वस्तू बसवण्यासाठी.

नझीहाने काच खाली ठेवली. चोर येतो तो काहीतरी न्यायला. काल छपरावर आलेलं माणूस काहीतरी बसवायला आलं होतं.

३

लसआद महजूबांची खोली भोंग्याच्या बरोबर खाली होती. भिंतीवर नव्या संगणक-दालनाचा रंगीत नकाशा होता. त्यांनी कॉफी मागवली.

"तू मला संशयितांत धरलंयस," ते म्हणाले. "धर. कार्यशाळा बंद व्हाव्यात असं मला वाटतं, आणि मी ते लपवत नाही. जगात पोरं पडद्यावर यंत्र बनवताहेत आणि आपण अजून वाळूत पितळ ओततोय. पण भोंगा चोरून मी कुठे ठेवणार? माझ्या बायकोने घरात घेतला नसता."

"तुम्हाला तो आवडत नव्हता."

"आवडत नव्हता? अगं, माझ्या डोक्यावर बसलाय तो! सगळ्या विद्यापीठात त्याला माझ्याइतकं कोणी ऐकलं नसेल. पहिले दोन सूर ठीक आहेत. पण तिसरा! मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा. रोज सकाळी माझी कॉफी सांडते." त्यांनी कपाकडे बोट केलं. "मधला हा आठवडा तेवढा बरा गेला."

नझीहाचा हात कपावरच थांबला. "बरा म्हणजे?"

"तिसरा सूर चिरकत नव्हता. गोड वाजत होता म्हण ना. मला वाटलं, महोत्सवासाठी कोणी साफसफाई केली."

"कधीपासून?"

"गेल्या सोमवारपासून. का?"

"काही नाही," असं म्हणून ती उठली, आणि दाराशी जाऊन परत वळली. "लसआदसाहेब, त्या भोंग्याचा तुम्हाला इतका राग आहे ना, त्याबद्दल मी तुमची आभारी आहे."

बाहेर जिन्यात ती क्षणभर कठड्याला टेकून उभी राहिली. आठवडाभर छपरावरून जे ओरडत होतं, तो जुना भोंगा नव्हताच. ती नक्कल होती. खरा भोंगा गेल्या रविवारीच खाली उतरला होता, आणि अख्ख्या विद्यापीठात फरक कळला तो भोंग्याच्या एकमेव शत्रूला.

पण खरा भोंगा हातात असताना कोणी काल पुन्हा वर का चढावं?

४

पहिल्या तुकडीतले उस्ताद खमैस आवारातल्या खजुरांखाली पुदिन्याचा चहा घेत बसले होते. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी ते रोज यायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे सगळं आवार त्यांचं बोलणं ऐकायचं.

"ये, नझीहा! अजून तशीच रोडकी. मी शिकवलं तेव्हाही अशीच होतीस. भोंगा गेला म्हणतात?"

"सापडेल, उस्ताद. तो केला कसा, ते सांगा."

"कसा म्हणजे? हातांनी!" ते खूश झाले. "इथे तेव्हा काय होतं? एक पत्र्याची शेड. आम्ही आधी बाकं केली, मग त्यावर बसलो. लेथ आली बंदरातून, गाढवगाडीवर. मारेतच्या रानात लढाईतली टरफलं पडलेली असायची. पोती भरून आणली, वितळवली. तेव्हाचे संचालक म्हणाले, शाळेला घंटा पाहिजे. आम्ही म्हटलं, घंटा खेड्यातल्या शाळेला. आपण भोंगा करू! तीन नळ्या. एक हमादीने कातली, एक मी. आणि तिसरी कातणारी असली हट्टी, की माप सांगावं तर उलटच करायची. म्हणून तो तिसरा सूर असा..."

ते थांबले. पेला संपला होता, तरी त्यांनी तो ओठांना लावला.

"करायची?" नझीहाने त्यांच्या कानाजवळ तोंड नेऊन विचारलं. "उस्ताद, भोंग्याच्या पायथ्यावर अकरा नावं ठोकलीत. अकराही पुरुषांची."

उस्तादांनी पेला खाली ठेवला. मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला.

"बारावी सालिहा. शनिनीच्या बागांमधली. आमच्यात एकटी मुलगी. नळी कातून झाली, आणि कोणीतरी तिच्या बापाला जाऊन सांगितलं की पोर तेलात हात घालून मुलांमध्ये उभी असते. दुसऱ्या दिवसापासून आली नाही. लग्न होऊन स्फाक्सला गेली म्हणतात. नावं ठोकायची वेळ आली तेव्हा साहेब म्हणाले, जे उत्तीर्ण झाले त्यांचीच."

"हे अजून कोणाला माहीत आहे?"

"हमादी वारला. बाकीचे विसरले. मी कोणाला सांगितलं नाही, कोणी विचारलंच नाही," उस्ताद म्हणाले. "पण तिला स्वतःला माहीत असेल ना! जिवंत असली तर."

५

दुपारी तिसऱ्या वर्षाच्या ओतकाम शाखेचा मापनाचा तास होता. पितळ ओतायला नुकतेच शिकलेले, आणि अजून ज्यांच्या कामात बुडबुडे राहतात, असे विद्यापीठात हेच. सकाळची बातमी सगळ्यांच्या तोंडी होती. नझीहा आत आली तशी कुजबुज थांबली.

तिने ती कडी मधल्या टेबलावर ठेवली.

"ही एका पाइपावर बसवायची होती. अर्धा फेरा फिरली आणि अडकली. चूक कुठे आहे, ते मला सांगायचं. आतल्या आट्यांत की बाहेरच्या?"

गेजच्या पट्ट्यांवर हात पडले. कडी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ लागली. कोणी आतून मोजलं, कोणी बाहेरून. एक म्हणाला, बाहेरचे आटे तर सुरेख आहेत. दुसरा म्हणाला, तुझे डोळे सुरेख आहेत. मग हशा, वादावादी.

मायसा नावाची मुलगी खिडकीपाशी उभी होती. ठेंगणी, गप्प, बाह्या नेहमी कोपरापर्यंत वर सारलेल्या. कडी तिच्याकडे आली तेव्हा तिने ती पुढच्याला दिली.

"मायसा, तुला काय वाटतं?"

"आतले," ती लगेच म्हणाली. "आतले आटे सुरुवातीला तिरपे पाडलेत. आटे पाडायचा टॅप सरळ धरला नव्हता."

"बरोबर." नझीहाने गेज उचलून तिच्यापुढे धरलं. "पण तू तर मोजलंच नाहीस."

मायसाने गेजकडे बघितलं, मग नझीहाकडे आणि वर सारलेल्या बाह्या खाली ओढल्या.

नझीहाने तिला व्हरांड्यात नेलं. दार लोटून घेतलं.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," ती म्हणाली. "गेल्या रविवारी तू किल्ली घेऊन वर गेलीस. भोंगा इतक्या वर्षांत गंजून पाइपाला घट्ट धरून बसला होता. तो काढताना पाइपाचे जुने आटे त्याच्याबरोबर सोलून निघाले. मग तू पाइप घासून त्यावर बारीक नवे आटे पाडलेस आणि तू ओतलेली नक्कल बसवलीस, म्हणजे सकाळी भोंगा वाजेल आणि कोणाला कळणार नाही. काल खरा भोंगा परत बसवायला आलीस. नक्कल काढताना तिची पाइपावर बसणारी गळपट्टी फुटली, कारण ओतताना आत हवा राहिली होती. तिचीच कपची मला सापडली. खरा बसवायला ही कडी केली होतीस. ती अडकली. ना खरा बसला, ना खोटा राहिला."

"सामना संपला होता," मायसा पुटपुटली. "पोरं गात परत येत होती. मी दोन्ही पिशवीत घालून पळाले." तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. "शुक्रीला काढतील का, मादाम? त्याने काहीच नाही केलं. आज संध्याकाळी मी स्वतः सांगणार होते. फक्त आधी..."

"आधी काय?"

"तुम्ही माझ्याबरोबर चला. लांब नाही."

"मायसा, तुझं गाव कोणतं?"

"शनिनी," मायसा म्हणाली.

६

बागेत वर खजूर, खाली डाळिंबं, त्याखाली मेथी आणि मेंदी. पाटाच्या कडेला चटईवर एक म्हातारी बसली होती. मांडीवर तीन नळ्यांचा भोंगा. राख आणि लिंबाने ती तो घासत होती, आणि तो उन्हासारखा झळकत होता.

"ही बाबांची आत्या," मायसा म्हणाली. "लल्ला सालिहा. सगळं गाव मानाने लल्लाच म्हणतं. नवरा गेल्यावर स्फाक्सहून परत आली."

"कोण आलंय? विद्यापीठाची बाई का?" सालिहाने मान वर केली. मोतीबिंदूने डोळे धुरकट झाले होते. "बस. पोलीस आणलेस की एकटीच आलीस?"

"एकटीच."

"मग चहा टाक गं, मायसा. पोलिसांना मी कोराच देणार होते." तिने नझीहाचा हात धरला आणि तिसऱ्या नळीवर ठेवला. "ही माझी. आतून हात फिरव. मधे जरा फुगीर आहे ना? खमैस म्हणायचा, पुन्हा कात. मी म्हटलं, नाही कातत जा. तिथेच चुकलं. म्हणून ओरडते."

"इथपर्यंत ऐकू येतो?"

"समुद्राकडून वारा आला की येतो. स्फाक्सहून परत आले त्याच्या पहिल्याच सकाळी ऐकला. म्हटलं, माझी नळी अजून भांडतेय." ती हसली, मग थांबली. "घरात कोणाला बोलले नाही. ही पोर तुमच्याकडे शिकायला लागली आणि एक दिवस मला सांगायला लागली, आत्याआजी, आमच्या भोंग्यावर अकरा नावं आहेत. मी म्हटलं, अकरा कशी? तेव्हा तोंडातून निघून गेलं."

मायसा चहा घेऊन आली. "मी परवानगी मागायला गेले होते, मादाम. उपसंचालकांच्या कचेरीत. म्हटलं, एक नाव राहिलंय, ते घालू द्या. ते म्हणाले, महोत्सवाआधी भोंग्याला हात लावायचा नाही, नियमात बसत नाही. हिचे डोळे जाताहेत. मला वाटलं, दिसतंय तोवर हिच्या हाताने होऊ दे."

नझीहाने पायथा फिरवून बघितला. अकरा नावांखाली बारावं नाव होतं. सालिहा. ताजं, चकचकीत, शेवटचं अक्षर जरा वाकडं.

"ते मीच ठोकलं," सालिहा म्हणाली. "एकेक अक्षर दिवसाकाठी. पोरगी हातोडी धरू देईना, म्हणे बोट चेचेल. मी म्हटलं, चेचू दे, माझं आहे." तिने नझीहाकडे रोखून बघायचा प्रयत्न केला. "आता सांग. शिक्षा कोणाला? हिला द्यायची असेल तर अर्धी मला दे."

नझीहाने चहाचा पेला उचलला. मग म्हणाली, "लल्ला, मला आधी तुमच्या या नातीशी भांडायचंय. मापनशाळा माझी. कडी करायची होती तर माझ्याकडे का नाही आली? अंदाजाने टॅप धरतात का?"

७

संचालकांच्या खोलीत भोंगा टेबलावर ठेवला होता. सगळं ऐकून झाल्यावर संचालक नुसते पायथ्यावरच्या नावांकडे बघत राहिले. शुक्रीचे ओठ सारखे हलत होते, पण बोलू नकोस असं बजावलं होतं म्हणून तो गप्प होता.

लसआद खिडकीपाशी उभे होते. "एक मुलगी आली होती खरी," ते म्हणाले. "मी नकाशा बघत होतो. मान वर करून तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही." ते शुक्रीकडे वळले. "तुझ्यावर खोटा आळ घेतला मी. चूक झाली."

"गाढवाचा आळ खरा होता, साहेब," शुक्रीला राहवलं नाही.

"ते मला माहीत आहे!"

संचालकांनी निकाल दिला. न विचारता भोंगा उतरवला याबद्दल मायसाला लेखी ताकीद. आणि बुधवारपर्यंत नवी कडी, तिच्याच हातची, नझीहाच्या देखरेखीखाली. नाव मात्र राहील. त्याला हात लावायचा नाही.

दोन दिवस कार्यशाळेत गर्दी हटली नाही. मायसा लेथवर, शुक्री शेजारी तेल घेऊन, आणि स्थापत्यवाले सल्ला द्यायला. पहिली कडी नझीहाने परत केली. दुसरीही केली. तिसरी तिने काचेखाली धरली, फिरवली, पुन्हा फिरवली आणि मायसाच्या तळहातावर ठेवली. मायसाने ती मुठीत घट्ट धरली.

गुरुवारी संचालकांनी लिहून आणलेलं भाषण खिशातच ठेवलं आणि पाहुण्यांना आठवड्याची गोष्ट जशी घडली तशी सांगितली. उस्ताद खमैस आणि सालिहा शेजारी बसले होते. ते ओरडून बोलत होते, ती त्यांना हळू बोल म्हणत होती. भोंगा वाजला. तिसरा सूर असा चिरकला की समितीच्या अध्यक्षबाईंनी दचकून वर बघितलं. लसआद कानात बोटं घालून हसत होते.

"ती जोडणारी कडी कोणी केली?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तिसऱ्या वर्षातल्या मुलीने," नझीहा म्हणाली. "बिघडलेल्या कड्याही तिच्याच आहेत. बघायच्या आहेत?"

बाईंनी त्या मागवून घेतल्या. एकेक बोटांत धरून पाहिली, आणि मायसाला इतके प्रश्न विचारले की जेवणातला कुसकुस थंड झाला. महिन्याभराने ट्यूनिसहून कळलं की कार्यशाळा राहणार. लसआदना त्यांचं संगणक-दालनही मिळालं, मागच्या रिकाम्या गोदामात. आता ते रोज तिथे उभे राहून सुतारांना सूचना देतात.

विद्यापीठाने सालिहाला मानद पदवी देऊ केली. तिने ती घेतली नाही.

"फुकटचं नको," ती संचालकांना म्हणाली. "माझं राहिलंय तेवढं मी पुरं करते. आधी डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे."

ऑक्टोबरात पहिल्या वर्षाच्या मापनाच्या तासाला ती पुढच्या बाकावर बसली. नवा चष्मा, नवा अंगरखा, आजूबाजूला तिच्या नातवंडांच्या वयाची पोरं. नझीहाने प्रत्येकाला एकेक पोलादी दांडा दिला होता. सालिहाने तिचा मोजला, आकडा सांगितला आणि ऐटीत हात बांधून बसली.

नझीहाने तिचा दांडा हातात घेऊन स्वतः मोजला.

"चुकलंय. पुन्हा मोजा."

मागच्या बाकावरचा एक मुलगा शेजाऱ्याला कोपराने ढोसू लागला.

"पोरी," सालिहा म्हणाली, "माझं वय तरी बघ."

"इथे फक्त दांडा मोजायचाय, लल्ला."

सालिहाने तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग चष्मा पुसला, दांडा पुसला, गेज हलक्या हाताने लावलं आणि बराच वेळ त्यावरच्या रेघा न्याहाळल्या. आकडा तिने या वेळी सावकाश सांगितला.

"बरोबर," नझीहा म्हणाली आणि पुढच्या बाकाकडे वळली.